नीलव्वाचा भिंतीवरचा जावई

नीलव्वा आडवी व्हायच्या आधी उजव्या पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधून घ्यायची. सुतळीचं दुसरं टोक खिडकीच्या गजातून बाहेर परसात लोंबत असे आणि त्याला जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा गोंडा. दूधवाला परसात येऊन गोंडा ओढायचा. आतून "आले रं मुडद्या, तंगडी उपटतूस का माजी!" असं आलं की मुरुमच्या आमच्या गल्लीत उजाडलं असं समजायचं. गॅसवाला, लाईटबिलवाला, सगळे गोंडाच ओढत. दार वाजवण्यात अर्थ नव्हता, कारण नीलव्वाला काहीएक ऐकू येत नव्हतं. शाळेला निघालेली पोरं मुद्दाम गोंडा ओढून पळत आणि अर्ध्या मराठीत, अर्ध्या कानडीत अशा शिव्या खात की दोन्ही भाषांची त्यांची तयारी तिथंच होऊन जाई.

तिचे कान फार वर्षांपूर्वी तापात गेले होते. तोवर चांगलं ऐकू येत असल्यामुळे बोलणं शाबूत होतं, फक्त आवाजाचा अंदाज सुटला होता. ती कानात गुपित सांगायची तेही चौकापर्यंत पोचायचं. तिच्या लेकीनं, महादेवीनं, पुण्याहून कानातलं यंत्र आणून दिलं होतं. ते सुपारीच्या डबीत पडून असे. "घातलं की समद्या जगाची कुरकुर ऐकू येती," ती म्हणायची, "माणूस तेवडा ऐकू येत न्हाय." ऐकायचं काम तिनं पायांकडे दिलं होतं. शहाबादी फरशीवर अनवाणी उभी राहायची, बोट वर करायची, "थांब, पायांस्नी ऐकू दे," म्हणायची आणि दारात कोण आलंय ते मागं न बघता सांगायची. सहसा चुकत नसे. झोपल्यावर मात्र पायही झोपत, म्हणून ती सुतळी.

आमची ओळख खोलीवरून झाली. मी लोहाऱ्याची. मुरुमजवळच्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत नोकरी लागली आणि मी खोली शोधत हिंडत होते. मिस्टर एसटीत कंडक्टर, त्यांचं घर म्हणजे बस. दोन-तीन ठिकाणी आडनाव विचारलं गेलं आणि ते कळताच खोली कालच कुणाला तरी दिल्याचं घरमालकांना आठवलं. असल्या आठवणींची मला सवय आहे, पण सवय असली म्हणून राग यायचा थांबत नाही. नीलव्वाच्या दारात पोचले तेव्हा मी चांगलीच तापलेली होते. तिनं काही विचारायच्या आत मीच माझं पूर्ण नाव आडनावासकट ठणकावून सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"कशाला घसा फोडायलीस बाई? मला ऐकू येत न्हाय. जरा चालून दाव."

मी तिच्या फरशीवर चार पावलं चालले. "पाय हलका हाय," ती म्हणाली. "येता-जाता जरा जोरानं टाकत जा, म्हंजे मला कळंल कोण ते." तिच्या घरासमोर गल्लीपलीकडच्या तिच्याच दोन खोल्या मला मिळाल्या. माझं आडनाव तिनं पुढंही कधी विचारलं नाही. गल्लीनं तिला ते सांगायचा प्रयत्न केला असणार. पण तिला जे ऐकायचं नसे ते तिला ओठांवरूनही वाचता येत नसे.

तिचा धंदा कडक भाकरीचा. ज्वारीची पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी भाकरी आणि सोबत शेंगांची चटणी. घरात गॅस होता, त्यावर चहा तेवढा व्हायचा. भाकरी चुलीवर, आणि चुलीत तुराट्या. तुरीच्या वाळल्या काड्यांचा भारा तिच्या खिडकीखाली भिंतीला टेकून कायम रचलेला असे. काम आटोपलं की ती निखाऱ्यांवर राख ओढून ठेवायची. संध्याकाळी राख सारून फुंकर घातली की विस्तव तयार. नवी काडी ओढणं म्हणजे तिला संसारात वाईट खोट आल्यासारखं वाटे. सासूनं हाती दिलेला विस्तव आपण विझू दिला नाही, असं ती सांगायची आणि त्यावर तिचा खरोखर विश्वास होता.

दुसरी गोष्ट दाराची. दार सागवानी, जुनं, आणि आतून त्याला लाकडी अडणा, आडवा दांडा. दुपारी पाठ टेकली तरी अडणा लावायची. "चोर आला तर मला ऐकू येणार का? मंग त्येला आत येऊच कामून द्यायचं?" मला मात्र तिच्या घराकडे बघताना भलतंच दिसायचं. आत चूल, बाहेर तुराट्या, दाराला अडणा, आणि मधे एक झोपलेली बाई जिला हाक पोचत नाही.

एके दिवशी शाळेतून लवकर परतले तर तिच्या खिडकीतून धूर. मी परसात धावले, गोंडा ओढला, दोन्ही हातांनी ओढला. आतून शिव्या आल्या, मग खोकला, मग दार उघडलं. चुलीजवळच्या गोणपाटावर निखारा उडाला होता. ज्वाळा नव्हती, नुसता घुसमटता धूर होता आणि ती त्या धुरात घोरत होती. पाणी मारून झाल्यावर ओल्या गोणपाटाकडे बघत म्हणाली, "बघ, दोरी हाय का न्हाय कामाची?" माझं डोकंच फिरलं. दोरी कामाची, पण ती ओढायला मी आले म्हणून! मी त्या दिवशी शाळेतून येताना जीपची वाट बघत थांबले असते तर?

हे तिला ओरडून सांगण्यात अर्थ नव्हता. मी ते महादेवीला फोनवर ओरडून सांगितलं.

आमच्या वसतिगृहात तेव्हा नुकतीच धुराची नवी यंत्रं बसवली होती. साधं यंत्र धूर आला की किंचाळतं, ते आमच्या मुलांच्या काय कामाचं? वय झालेल्यांचेही कान जायला लागले की बारीक चिरका आवाज सगळ्यात आधी जातो, आणि कानातलं मशीन लावून कुणी झोपत नाही. म्हणून या यंत्राला दोन गोष्टी जास्तीच्या होत्या. एक पांढरा दिवा, डोळे मिटलेले असले तरी पापणीआड लखलखणारा, आणि वायरीला जोडलेली एक भाकरीएवढी चकती. ती अंथरुणाखाली ठेवायची. धूर आला की ती गदगदा हलते आणि झोपलेल्याला हलवून उठवते. महादेवीनं तसं यंत्र पुण्याहून पाठवलं आणि सोबत निरोप: हे लावून घे, नाहीतर माझ्याकडे राहायला ये.

पुण्याला नीलव्वा एकदा राहून आली होती. "सातव्या मजल्यावर ऱ्हाती ती. पायाखाली जमीनच न्हाय. माजे पाय तितं ठार भैरे झाले, यव्वा. कुत्र्यागत दाराकडं बघत बसायची म्या." आपल्या घरात मरेपर्यंत राहायचं तर यंत्र लावून घेणं भाग होतं. तिनं मान डोलावली. पण मोठ्या नाखुशीनं.

कोपऱ्यावर रज्जाकभाईंचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. त्यांनी येऊन यंत्र भिंतीवर उंच बसवलं. त्यावर हिरवा ठिपका लुकलुकायला लागला. नीलव्वानं कंबरेवर हात ठेवून ते न्याहाळलं. "लेकीनं जावई धाडलाय म्हना की. काम न्हाय धाम न्हाय, वर बसून डोळे मिचकावतोय." तेव्हापासून त्याचं नाव जावईच पडलं. तिचा खरा जावई गरीब माणूस. त्याला हे कळल्यावर तोही हसला.

"अव्वा, लेट के देखो," रज्जाकभाई हातांनी दाखवत म्हणाले. चकती गोधडीखाली सरकवली होती. नीलव्वा आडवी झाली, डोळे मिटले. रज्जाकभाईंनी तपासणीचं बटण दाबलं.

पुढं जे झालं ते मी विसरू शकत नाही. अंगाखाली जमीन हलावी तशी गोधडी हलली आणि नीलव्वा उठली नाही, फेकली गेली. पदर कुठं, सुतळी कुठं, कशाचं भान नाही. अंगठ्याची सुतळी तोडून ती दारातून बाहेर पळाली आणि गल्लीच्या ऐन मध्यावर जाऊन, भिंतींपासून लांब, उभी राहिली. मान वर. विजेच्या तारांकडे बघत होती, तारा झुलतात का ते.

आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भूकंप झाला तेव्हा मी लहान होते, तरी अजून ट्रक गेला आणि ताटं वाजली की माझी नजर आधी टांगलेल्या बल्बवर जाते. रज्जाकभाईंचा चेहरा पांढरा पडला होता. "या अल्ला, ये तो हमारे ध्यानमेंच नहीं आया," ते पुटपुटले. ज्या माणसांनी झोपेत जमीन हललेली अनुभवली आहे त्यांना झोपेतून हलवून उठवायचं यंत्र आम्ही बसवलं होतं.

ती अंधार पडेपर्यंत घरात शिरली नाही. ओट्यावर बसून राहिली. मी जवळ गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला मारायचंच आसंल तर जाळून मारा. हलवून मारू नगा." भूकंपाच्या त्या रात्रीबद्दल ती कधीच बोलायची नाही. तिचं माहेर लोहारा तालुक्यातलं, तिथं घरं बसली, माणसं गेली, एवढंच गल्लीला माहीत होतं. मीही खोदून विचारलं नाही. आमच्याकडे तसं विचारायची पद्धत नाही.

मला वाटलं, संपलं. आता एक तर पुणं, नाहीतर ती सुतळी आणि माझं नशीब. वायर काढलेली, चकती कोनाड्यात पडलेली, आणि मी रोज शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच मान लांब करून तिच्या खिडकीत धूर आहे का बघायची.

आणि मग एक दिवस बघते तर नीलव्वा उंबऱ्यात शेंगा फोडत बसलेली आणि मांडीवर ती चकती. रज्जाकभाईंना बोलावून तिनं वायर लांबवून घेतली होती. मधेच हातातल्या लांब काठीनं आतल्या भिंतीवरचं बटण दाबायची. चकती मांडीवर गदगदायची. नीलव्वाचे ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, पण हात काढत नव्हती.

"काय करायलाव अव्वा?"

"वळख करून घ्यायलेय. जमिनीचं हलनं खालनं येतं, घुमत येतं. ह्येचं हलनं मिश्रीच्या डबीतल्या माशीवानी हाय. पायांस्नी शिकवायलेय, ह्यो जावई आन ती जमीन."

रोज. आधी मांडीवर, मग पायाखाली, मग पाठीखाली जागेपणी, मग डोळे मिटून. प्रत्येक वेळी घाबरायची. मला ते बघवत नसे, पण ती थांबली नाही. शेवटी तिनं गोधडीला आतून एक खिसा शिवला आणि चकती त्यात घातली. त्या दिवशी मला शेंगापोळी मिळाली. "जावई नांदायला लागला," म्हणाली. सुतळीही सोडली नाही. दूधवाल्यासाठी ती होतीच.

पण जावई नाजूक निघाला. भाकरीचा धूर, चटणीसाठी भाजलेल्या मिरच्या, पूजेतला ऊद, कशानंही त्याचा दिवा लखलखायचा. परसातल्या खिडकीतून तो लखलखाट बाहेर दिसे. पहिल्या दोन वेळा आम्ही सगळे पळत गेलो. मग कुणी जाईना. "नीलव्वा मिरच्या भाजायलीय," असं म्हणून बायका पुन्हा धुणं आपटायला लागत. दूधवाला तर त्या उजेडात पोरांना नाच करून दाखवी. मला राग यायचा. कुणावर, ते नीट कळायचं नाही. तीही भाजायला बसली की जावयाला लेकीच्या लहानपणीच्या जुन्या कुंचीनं झाकू लागली. काम झाल्यावर कुंची काढायची. काढायची म्हणजे, आठवली तर.

एकदा मी संध्याकाळी गेले तर कुंची तशीच. मी फक्त बोट दाखवलं. तिनं ती कुंची ओढून काढली. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला आणि सासूच्या हातची चूल फोडून परसात, खिडकीच्या पलीकडं, नवी घातली. गल्लीतल्या बायका हळहळल्या. एवढी पिढीजात चूल घराबाहेर काढली! नीलव्वा म्हणाली, "घरात धूर हाय आन धूर न्हाय, दोन्ही चालत न्हाय. जावयाला रोज खोटं बोलाया लावलं तर खऱ्याच्या दिवशी म्या तरी त्येच्यावर इस्वास ठिवीन का?" ऊदसुद्धा तुळशीपाशी न्यायला लागली. त्यानंतर जावई गप्प झाला, आणि मी गल्लीच्या तोंडाशी मान लांब करायची सोडली.

फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. चूल बाहेर गेली, तशी राखेखाली विस्तव ठेवायची तिची सवयही बाहेर गेली. घरात वारा नव्हता. परसात होता.

आमच्याकडे येळवस म्हणजे दिवाळीहून मोठी. वेळा अमावस्येला अख्खा गाव शेतात जातो. कडब्याच्या खोपीत पूजा, मग भज्जी, आंबील, उंडे, आणि ज्याला शेत नाही त्याला दहा ठिकाणची आमंत्रणं. गावात त्या दिवशी अघोषित संचारबंदी असते. नीलव्वा आदल्या दिवसापासून अर्ध्या गल्लीचा स्वयंपाक रांधत होती. सकाळी सगळ्यांचे डबे भरून दिले, आणि गाड्या हलल्यावर म्हणाली, "मी न्हाय येत गं. माजी कंबर गेली. पाठ टेकते."

मी शाळेतल्या मैत्रिणीच्या शेतात जेवले आणि दुपारी एका जीपमधून परतले. थंडीचे दिवस, तरी वारा जोराचा होता. फुफाटा उडत होता. गल्लीत शिरले तर दोन्ही बाजूंच्या दारांना कुलपं. रज्जाकभाईंच्या दुकानात तेवढी खुटखुट होती, कुणाची तरी मोटार जळली होती म्हणून ते थांबले होते.

आधी तडतड ऐकू आली. वाळल्या काड्या जळताना येते तशी. मग परसाच्या भिंतीवरून धूर आला, काळा नाही, पिवळट.

मी चपला टाकून धावले. तुराट्यांचा अख्खा भारा पेटला होता. वाऱ्यानं चुलीतली राख उडवून निखारे उघडे केले असणार आणि एखादा उचलून नेला असणार. ज्वाळा खिडकीच्या चौकटीपर्यंत पोचल्या होत्या आणि धूर वाऱ्याच्या दाबानं गजांतून सरळ आत जात होता. मी गोंड्याकडे हात लांबवला. गोंडा खाली पडून जळत होता. वर सुतळी नव्हतीच.

मी दाराकडे आले. दार ढकललं. अडणा.

"अव्वा! अव्वा!" मी ओरडत होते. मी कर्णबधिर मुलांची शिक्षिका, आणि मी एका ठार बहिऱ्या बाईला हाका मारत होते. दारावर लाथा घातल्या, उंबऱ्यावर दगड आपटला. काही नाही. रज्जाकभाई पहार घेऊन धावत आले. आले ते आधी भिंतीवरच्या मीटरकडं गेले आणि फ्यूज उपटून काढला.

"भाई, हे काय केलंत! जावई लाईटवर चालतो!"

"तार जलेगी तो पुरा घर जायेगा, मास्तरनी! अंदर सेल है. लाईट गई तो सेल पे चलता."

"सेल कधी बदलले?"

"वो अव्वा को मालूम."

त्यांनी पहार दाराच्या फटीत घातली. जुनं सागवान, पहारीला दाद देईना. परसाकडून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. खिडकीचं तावदान असावं. मी डोळे मिटले आणि माझ्या डोळ्यांपुढं ती गोधडी आली, तिच्या पोटातला तो शिवलेला खिसा. हल, मी मनात म्हणत होते, हल रे बाबा, हल. मी बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरातली. देवाला साकडं घालायची आम्हाला सवय नाही. त्या घटकेला मी भिंतीवरच्या एका प्लॅस्टिकच्या डबीला साकडं घालत होते.

रज्जाकभाईंनी पहार काढून पुन्हा घातली. आणि आतून लाकूड लाकडावर घासल्याचा आवाज आला. मग अडणा धाडकन फरशीवर पडला.

दार उघडलं. धुराचा लोट आला आणि त्यातून नीलव्वा आली, पदर तोंडावर, केस सुटलेले, अनवाणी. तिच्यामागं आतल्या काळोखात जावयाचा दिवा लखलखत होता. मी तिला धरायला गेले, तर तिनं मला बाजूला सारलं. मला तिनं पाहिलंच नव्हतं. ती गल्लीच्या मध्यावर गेली आणि मान वर करून तारांकडे बघितलं.

वारा होता. तारा झुलत होत्या. चांगल्या जोरात झुलत होत्या.

मला कळलं, आणि मी "नाही, अव्वा, नाही" म्हणत हात हलवत पुढं झाले, पण तोवर ती वळली होती. तिनं पहिल्या घराचं दार दोन्ही मुठींनी बडवायला सुरुवात केली. "भाईर या! भाईर या गं! उठा!" दाराला कुलूप होतं. कुलूप तिच्या मुठीखाली खडखडत होतं आणि तिला ते ऐकू येत नव्हतं. आतून कुणी येईना म्हणून ती आणखी जोरानं बडवायची आणि मग पुढच्या दाराकडे पळायची. "ऊठ गुरव्वा! गुरव्वा, ऊठ, भाईर ये! गुरव्वा!" आमच्या गल्लीत गुरव्वा नावाचं कुणी नव्हतं. मी तिच्या मागं पळत होते, खांदे धरत होते, ती झटकत होती. सत्तरी ओलांडलेली बाई, पण मला आवरेना. एकेक दार करत ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली. एकही दार तिनं सोडलं नाही.

आग रज्जाकभाईंनी आणि धूर बघून शेतांतून पळत आलेल्या माणसांनी विझवली. भिंती दगडी होत्या म्हणून निभावलं. खिडकी गेली, दांडीवरची लुगडी गेली, गोधडी भिजून गेली. नीलव्वा पुढं दोन पावसाळे त्याच घरात राहिली. चुलीवर रोज पाणी मारायला शिकली आणि काडी ओढायलाही. गेली ती साध्या म्हातारपणानं, आपल्या घरात, पाय फरशीवर टेकलेले असताना. महादेवीला जे हवं होतं आणि तिला जे हवं होतं, ते दोन्ही झालं. मला ती कितीतरी प्रकारे आठवते, पण सगळ्यात जास्त त्या दुपारची, शेवटच्या घराच्या ओट्यावर बसलेली.

कारण तिथं ती दमली. दाराला टेकून खाली बसली. मुठींची सालटी निघाली होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले, तिचा चेहरा माझ्याकडे वळवला आणि सावकाश, ओठ नीट हलवून सांगितलं, भूकंप नाही, अव्वा. तुराट्या पेटल्या. वारा आहे. जावयानं उठवलं तुम्हाला.

तिनं हळूहळू तारांकडे, मग धुराकडे, मग माझ्याकडे बघितलं. श्वास खाली बसला.

"गुरव्वा कोण?" मी विचारलं.

"धाकटी भन माजी." पहिल्यांदाच तिचा आवाज मला लहान वाटला. "म्हायेरी गेलो व्हतो दोगी. एका गोधडीवर निजलो व्हतो. हललं, तशी म्या उठले आन पळाले. उंबऱ्याच्या भाईर आले आन मागं डोक्यावरचं मातीचं माळवद बसलं." ती थांबली. "हाक मारायला केवडा येळ लागतो गं? येक हाक. तवा मला कान व्हते. तिला बी व्हते."

तिचे हात माझ्या हातात घेतले.

थोड्या वेळानं तिनं मान वळवून गल्लीकडे बघितलं. "समदी भाईर आली का?"

"अव्वा, आज येळवस. सगळे शेतात गेलेत. गल्लीत कुणीच नव्हतं."

"म्हंजे कुलपं लावलेली दारं बडवली व्हय म्या?"

"हो."

ती सोललेल्या मुठींकडे बघत राहिली. मग त्या पदरात गुंडाळून घेतल्या.

"बडवू दे," म्हणाली. "बडवायची ऱ्हायली व्हती."